मनोरुग्ण वॉर्डातली बाई आणि तिची पाळी: या चुका टाळा

"लग्न नाही झालेलं तिचं, असलं काही विचारू नका." भरतीच्या वेळी आई असं म्हणते आणि केसपेपरवर पाळीच्या तारखेचा रकाना कोरा राहतो. पुढचे निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात. "मावशी, दोन मिनिटं बाहेर बसता का?" एवढं म्हणा आणि पेशंटलाच विचारा. तारीख आठवत नसेल तर तिला सांगून लघवीची गर्भचाचणी करा, तीही औषधं सुरू करण्याआधी.

कारण खरी मेख औषधांत आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे मनाचे चढउतार आवरायला दिलं जाणारं औषध गरोदरपणी पोटात गेलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग येतं आणि दहातल्या तीन-चार मुलांची बौद्धिक वाढ अडखळते. मूल होण्याच्या वयात पर्याय असेल तर ते सुरूच करू नका. द्यावंच लागलं तर गर्भनिरोधनाचं बोलणं त्याच दिवशी व्हायला हवं. मात्र दिवस गेल्याचं कळताच घाबरून सगळी औषधं एकदम बंद करणं हीही तितकीच मोठी चूक. आजार उलटला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. गायनॅकच्या डॉक्टरांशी बोलून एकेक औषध बदलावं.

त्याच कामासाठी दिलं जाणारं कार्बामाझेपिन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, तिचा असर कमी होतो. कॉपर-टी किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं 'अंतरा' इंजेक्शन चालतं.

रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड या भ्रमावरच्या औषधांनी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढतं, पाळी थांबते, छातीतून दूध येतं. "टेन्शनमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत, हाही गैरसमज. औषध बदललं की पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटतं.

पुरुषांना तर कुणी विचारतच नाही. औषधांमुळे लिंगाला ताठरता येईना की ते घरी गेल्यावर गुपचूप गोळ्या सोडतात आणि पुन्हा भरती होतात.

"पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल," असं नातेवाईक म्हणतात, तेव्हा ठाम नाही म्हणा. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या गतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये काढली गेली. त्यावरून उठलेला संताप विसरण्यासारखा नाही. मानसिक आजारावरचा उपाय म्हणून नसबंदी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात बंदी आहे. गर्भपाताचा वेगळा कायदा मनोरुग्ण बाईसाठी पालकाची लेखी संमती मागतो. पण ती सही मिळाली की बाईला काय हवंय ते विचारायची गरज संपली, असं मानणं मला अजिबात मान्य नाही. पॅडसाठीही तिला हात पसरावा लागू नये, ते देणं २०१७ च्याच कायद्याने बंधनकारक आहे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे बाईने अत्याचाराची तक्रार केली आणि आपण पेपरवर "भ्रम" लिहून मोकळं होणं. भ्रम असलेल्या बाईवरही अत्याचार होतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, गर्भ रोखणारी गोळीही त्याच मुदतीत आणि जितकी लवकर तितकी चांगली. कॉपर-टी पाच दिवसांपर्यंत बसवता येते. तक्रार खरी की खोटी हे ठरेपर्यंत थांबलात तर ही मुदत निघून जाते.

डिस्चार्ज कार्डावर मानसोपचाराच्या तारखेशेजारी पुढच्या 'अंतरा'ची तारीखही लिहा. ते तीन महिन्यांनी घ्यावं लागतं, आणि कार्डावर नसेल तर घरचं कुणी तिला त्यासाठी दवाखान्यात आणत नाही.