पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी: पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असली तरी ४२.१९५ किलोमीटरची तयारी भर पावसातच सुरू करावी लागते. नावनोंदणीचे त्या वर्षीचे नियम आधी वाचून घ्या आणि फॉर्म लगेच भरा. दुसरं काम डॉक्टरांकडे जाण्याचं. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन बघून घ्या. चाळिशी उलटली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर त्यांना विचारून ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्टही करा. हे टाळून पुढचं काही वाचू नका.

बाकीची यादी मी माझ्या मैत्रिणीच्या पद्धतीने लावली आहे. तिचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, दर वेळी चार तास. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सुई टोचून झाली की मोकळ्या हाताने पेपर उघडते आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना शब्दकोड्यातले प्रश्न मोठ्याने विचारत बसते. "आजचे चार तास आज संपवायचे, उद्याचा दिवस माझा," असं ती म्हणते आणि तो दिवस खरोखर मजेत घालवते. बेचाळीसचा आकडा ऐकून मी कचरत होते, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "उद्या सकाळी किती पळायचंय?" म्हणून वेळापत्रक फ्रिजवर लावताना एका वेळी एकाच आठवड्याचं लावा.

त्या आठवड्यात तीन-चार दिवस पळणं, दोन दिवस पायांचा आणि पोटाचा व्यायाम, एक दिवस पूर्ण आराम. लांबचं पळणं रविवारी. अंतर हळूहळू वाढवा आणि दर तीन-चार आठवड्यांनी एकदा मुद्दाम कमी करा. शिवाजी पार्कचा कट्टा सुरुवातीला उत्तम: फेरी साधारण सव्वा किलोमीटरची, आणि दमलात तर टेकायला जागा आहेच. अंतर वाढलं की मरीन ड्राइव्ह. सर्वांत लांबचं पळणं ३० ते ३२ किलोमीटरचं, तेही शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकलेलं असावं. स्नायू आखडणं चालतं, पण हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर थांबा आणि दाखवून घ्या.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. पावसात भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका; आतले तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. काखेत, मांड्यांना, जिथे शिवण घासते तिथे व्हॅसलिन लावा. मुंबईच्या घामात लांब पळताना हे विसरून चालत नाही.

आता पाणी, कारण आपल्याकडे शर्यत इथेच हातची जाते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. ऑक्टोबरमध्ये घड्याळाकडे बघून पळू नका. पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. किती प्यायचं हे ठरवायची रीत मला मैत्रिणीने दिली. डायलिसिसच्या आधी आणि नंतर तिचं वजन करतात, अंगात साठलेलं पाणी त्यावरून कळतं. तुम्हीही लांब पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे ढोबळमानाने एक लिटर पाणी गेलं. वजन उलट वाढलं असेल तर जास्त प्यायलात, आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. ते जिवावर बेतू शकतं. मीठ-साखरेचं पाणी घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मैत्रिणीला दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून प्यावं लागतं. तरी रविवारी सकाळी तिचाच मेसेज येतो: "माझ्या वाटचंही तूच पी गं, पण मीठ घालून."

खाण्यात नवे प्रयोग नकोत. पळण्याआधी केळं किंवा दोन खजूर, लांबच्या पळण्यात दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडं काहीतरी. शर्यतीत जे तोंडात टाकणार, ते आधीच्या रविवारी पोटाला मानवलेलं असावं. आदल्या रात्री लवकर जेवा, वरणभात पुरे.

पेडर रोडचा चढ डिसेंबरमध्ये एकदा तरी थकलेल्या पायांनी चढून बघा. परतीच्या वाटेवर तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो. पावलं आखूड करा, नजर चारपाच पावलांपुढे ठेवा, चालावं लागलं तर चाला. मार्ग दरवर्षी थोडा बदलतो, त्या वर्षीचा नकाशा बघाच.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आधीच्या दिवसांतच जाऊन घ्यावा लागतो. ओळखपत्र न्या आणि शनिवारची गर्दी टाळा. सेफ्टी पिना, जुनेच बूट, जुनेच मोजे रात्री काढून ठेवा. झोप शनिवारी लागणार नाही, ती शुक्रवारी भरून घ्या. सीएसएमटीला पहाटे पोहोचायचं तर लोकलचं वेळापत्रक आदल्या आठवड्यात तपासा. पहिले पाच किलोमीटर मन मारून हळू पळा.

आणि आपलं माणूस कुठे उभं राहणार ते आधी ठरवा. रस्ते बंद असतात, टॅक्सी मिळत नाही आणि गर्दीत फोन लागेलच असं नाही. म्हणून जागा स्टेशनजवळची हवी, रस्त्याची बाजूही ठरलेली हवी, आणि तुमची अंदाजे वेळ अर्धा तास इकडेतिकडे धरून सांगितलेली. रविवार मैत्रिणीचा स्वतःचा दिवस. ती चर्नी रोडला उतरून चौपाटीसमोर, समुद्राच्या बाजूला, पिवळी ओढणी घेऊन उभी राहणार आहे.