दिवाळीसाठी लाकडी भेटवस्तू: स्क्रोल सॉवर डझनभर नग कसे काढावेत

दिवाळीत भेट द्यायची घरे मोजायला बसले की आकडा सहज डझनाच्या पुढे जातो आणि हाताने केलेली वस्तू द्यायची ठरवलेला माणूस नेमका तिथेच अडतो. पहिला नग मन लावून होतो, दुसरा बरा होतो, पाचव्यापर्यंत उत्साह ओसरतो आणि उरलेल्या घरी मिठाईचा पुडा जातो. स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याने नक्षी कापणाऱ्या विजेच्या करवतीवर, मात्र पातळ प्लायचे चार तुकडे एकावर एक ठेवून एकदमच कापता येतात, म्हणजे तीन बैठकींत बारा नग निघू शकतात. त्यासाठी नक्षी, पाते आणि लाकूड यांची निवड सुरुवातीपासूनच या चौकडीच्या हिशेबाने करावी लागते.

वेळेचे गणित आधी पाहावे. अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन हा सुमारे दीड महिन्याचा काळ या कामाला पुरतो. पण त्यातला पंधरवडा पितृपक्षाचा असतो आणि पुष्कळ घरांत त्या दिवसांत नवी खरेदी होत नाही. यंत्र, पाती आणि प्लाय त्याआधीच घरात आणून ठेवले, तर हात बसवण्यासाठी तो पंधरवडा मोकळा मिळतो. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, तेव्हा त्या दिवशी यंत्राला सुट्टी आपोआपच मिळते. दसऱ्यानंतर उरणारे वीस दिवस घासकाम, पॉलिश आणि वाळवणीसाठीच ठेवावेत. दसऱ्याला नवे यंत्र आणून त्याच दिवाळीत बारा घरांना भेटी देण्याचा बेत सहसा तडीस जात नाही.

यंत्राची रचना साधी आहे. टेबलाच्या मध्यातील छिद्रातून पाच इंच लांबीचे अरुंद पाते उभे जाते आणि गती बदलता येणाऱ्या यंत्रात ते साधारणपणे मिनिटाला ४०० ते १६०० वेळा खालीवर होते. पाते जागच्या जागी चालते. फिरवायचे असते ते लाकूड. घरगुती वापरासाठी १६ इंची यंत्र पुरेसे असते. हे माप पात्यापासून मागच्या खांबापर्यंतच्या अंतराचे असून त्यावरून किती मोठा तुकडा पूर्ण फिरवता येईल हे ठरते. मोटर लहान असल्याने घरातील साध्या प्लगवर यंत्र चालते. त्रास होतो तो कंपनांचा, विशेषतः फ्लॅटमध्ये. यंत्र जड टेबलाला बोल्टने आवळून खाली रबराची चटई घातली, तर आवाज पुष्कळ कमी होतो आणि नक्षीची रेषही थरथरत नाही. यंत्र घ्यायचे नसेल, तर हाताने चालवायच्या फ्रेट सॉवरही हेच काम होते. मात्र त्यावर दोनपेक्षा जास्त थर घेऊ नयेत, कारण हाताने पाते काटकोनात धरून ठेवणे अवघड जाते.

पाते विकत घेताना यंत्राला कोणते चालते हे आधी बघावे. काही पात्यांच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, तर काहींची टोके सपाट असतात. पिनचे पाते बसवायला सोपे असले, तरी आतल्या नक्षीसाठी ते ज्या छिद्रातून ओवायचे, ते छिद्र पिन जाईल एवढे, म्हणजे ४ ते ५ मिमीचे पाडावे लागते आणि बारीक जाळीकाम तिथेच संपते. सपाट टोकाच्या पात्याला दीड-दोन मिमीचे छिद्र पुरते. म्हणून जाळीचे काम करायचे असेल, तर सपाट टोकाची पाती धरणारे यंत्रच घ्यावे. पात्यांचे नंबर जसे वाढतात, तसे पाते रुंद आणि दणकट होत जाते. ४ मिमीचा एकच थर असेल तर २ किंवा ३ नंबरचे, चार थरांची चळत असेल तर ५ नंबरचे आणि जाड सागवानासाठी ७ नंबरचे पाते वापरावे. खालच्या टोकाचे काही दाते उलटे असलेली पाती मिळतात. त्यांच्यामुळे प्लायच्या खालच्या बाजूला कुसळे कमी निघतात, तेव्हा थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावीत. पाते बसवताना दात्यांची टोके खाली वळलेली असली पाहिजेत, नाहीतर लाकूड टेबलावरून उचलले जाऊन आपटू लागते. पाते पुरेसे ताणले आहे की नाही हे बोटाने छेडून कळते: तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ स्वर आला पाहिजे, बद्द आवाज आला तर ताण वाढवावा.

यानंतरची तपासणी बहुतेक जण गाळतात आणि चळतीच्या कामात तिचीच किंमत मोजावी लागते. पाते टेबलाशी बरोबर काटकोनात नसेल, तर वरचा नग आणि सर्वांत खालचा नग वेगवेगळ्या मापाचे निघतात. सुमारे ४० मिमी जाडीचा लाकडी ठोकळा घेऊन त्याच्या कडेला पात्याने उथळ चीर पाडावी, यंत्र बंद करावे आणि ठोकळा वळवून तीच चीर पात्याच्या मागच्या बाजूने त्यावर सरकवून पाहावी. पाते चिरेत अलगद शिरले तर टेबल बरोबर आहे. वर किंवा खाली अडले तर टेबल किंचित कलते करून पुन्हा पाहावे.

लाकडाच्या बाबतीत नवशिक्याने ४ मिमी प्लायपासूनच सुरुवात करावी. वखारीत प्लाय आठ बाय चार फुटांच्या पूर्ण शीटमध्ये असतो, पण फर्निचरच्या कामातून उरलेले तुकडे मागितले तर बहुतेक ठिकाणी मिळतात आणि भेटवस्तूंना तेवढे पुरतात. तुकडा घेताना त्याची कड उजेडात धरून बघावी. मधल्या थरात पोकळी दिसली तर तो घेऊ नये, कारण जाळी नेमकी त्या पोकळीवर तुटते. नाशिकमध्ये सप्टेंबरअखेरपर्यंत हवेत ओल असते आणि मग ऑक्टोबरचे कोरडे ऊन पडते, त्यामुळे पावसाळ्यात आणलेला पातळ प्लाय भिंतीला टेकवून ठेवला की बाक घेतो. तो वजनाखाली आडवाच ठेवावा. सागवानाला तोड नाही, परंतु त्यातील सिलिकामुळे पाती लवकर बोथट होतात, म्हणून साग एखाद्या खास नगासाठीच राखून ठेवावा. नाशिकच्याच अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतून बाहेर पडणाऱ्या पॅकिंगच्या पाईन फळ्याही वापरता येतात. मात्र परदेशातून आलेल्या पॅलेटवरचा शिक्का वाचल्याशिवाय त्यांना हात लावू नये. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले लाकूड, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया केलेले, ते घरात आणू नये.

नक्षीसाठी लांब जाण्याची गरज नाही. द्राक्षांचा घड आहेच, आणि जुन्या नाशकातील वाड्यांच्या महिरपी जणू या यंत्रासाठीच काढल्यासारख्या आहेत. सराफ बाजारातला सरकारवाडा किंवा गोदाकाठची देवळे बघून कागदावर एखादी कमान उतरवून घेतली, की पणतीमागे उभी करण्याजोगी सुरेख पाटी होते. वारली आकृत्याही लोकप्रिय आहेत, पण त्या जशाच्या तशा कापू नयेत. वारली माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि लाकडात ती कंबर पॉलिश पेपर फिरवतानाच तुटते. म्हणून कमरेची जागा निदान ४ मिमी रुंद ठेवावी. ज्या घरी लहान मुले आहेत, तिथे दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला लाकडी मावळे द्यावेत. १२ मिमी प्लायचे, चार इंच उंचीचे मावळे स्वतःच्या पायावर उभे राहतात आणि रंगवायचे काम मुलांवरच सोपवता येते.

सर्वांत जास्त मागणी असते ती नावाच्या पाटीला, आणि सर्वांत जास्त लाकूड वाया जाते तेही तिथेच. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात, त्यामुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो. रोमन अक्षरांना ही सोय नाही. पण सगळा भार एकाच आडव्या पट्टीवर येतो हेही विसरता येत नाही. ‘गणेश’ हे नाव घ्या. ग, ण आणि श या तिन्ही अक्षरांचा काना अक्षरापासून सुटा असतो, म्हणजे या एका शब्दात शिरोरेषेखाली सहा अवयव वेगवेगळे लोंबतात आणि वर मात्रा उभी राहते. अक्षरे तीन इंच उंच असतील, तर शिरोरेषा किमान १० मिमी आणि काने ८ मिमी जाड ठेवावेत. संगणकावरचा नाजूक फाँट पडद्यावर छान दिसतो, प्लायमध्ये टिकत नाही. ‘शुभ’ लिहिताना वेगळीच अडचण येते. भ आणि ध यांच्या डाव्या गाठीवर शिरोरेषा नसते, त्यामुळे शब्द तिथे तुटून दोन तुकडे हातात येतात. शब्दाच्या तळाशी एक सलग पट्टी काढून अक्षरे तिच्यावर टेकवली, की हा प्रश्न सुटतो. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला किंचित चिकटलेला काढावा, आणि उकार जिथे कान्याला मिळतो, तिथे थोडे मांस ठेवावे. भरीव लाकडात नाव कापूच नये, असे माझे मत आहे: लाकडाच्या तंतूंच्या रेषा आडव्या धरल्या तर प्रत्येक काना रेषेच्या विरुद्ध जातो आणि हलक्या धक्क्याने निखळतो. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्याने ती भीती नसते. सागाचा दिमाख हवाच असेल, तर प्लायची अक्षरे सागाच्या फळीवर चिकटवावीत.

रांगोळीचा साचा करताना हिशेब उलटा होतो. तिथे अक्षर पोकळ असते, म्हणून व, ब, म यांच्या आतल्या बंद जागा सुटून पडतात. त्यांना बाहेरच्या भागाशी जोडणारे ३ मिमीचे दोन-दोन पूल नक्षीतच ठेवावे लागतात.

आता चळत बांधायची. चार तुकडे एकाच मापाचे कापून, पुसून, एकावर एक जुळवावेत आणि चारही कडांना मास्किंग टेप घट्ट गुंडाळावी. मोठ्या नगासाठी, नक्षीबाहेरच्या टाकाऊ भागात दोन-तीन बारीक खिळे ठोकून त्यांची टोके खालून कापून घासावीत. वरच्या तुकड्यावर आधी मास्किंग टेपचे पट्टे लावून त्यांवर नक्षीचा कागद गोंदकांडीने चिकटवावा, म्हणजे शेवटी कागद टेपसकट सोलून निघतो आणि लाकडावर गोंद राहत नाही. कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप लावल्यास लाकूड जळून काळे पडण्याचे प्रमाण बरेच कमी होते. प्रत्येक बंद जागेत दोन मिमीचे छिद्र पाडताना चळतीखाली टाकाऊ फळी ठेवावी, नाहीतर सर्वांत खालच्या नगाचा पापुद्रा उडतो.

आतली जाळी आधी आणि बाहेरची कड शेवटी, हा क्रम मोडू नये. बाहेरची कड आधी कापली तर धरायला जागा उरत नाही आणि बोटे पात्याजवळ जातात. लाकूड दोन्ही हातांच्या बोटांनी टेबलावर दाबून ठेवावे आणि पाते जेवढे कापेल तेवढेच पुढे सारावे. रेटले की पाते मागे वाकते आणि चळतीच्या तळाशी रेष सरकते. ही पाती सहसा एका बाजूला किंचित ओढतात. ती चूक कारागिराची नसते, पात्याच्या घडणीत दात्यांच्या एका कडेला बारीक धार राहते, त्यामुळे तसे होते. सरळ रेषेवर चालताना लाकूड थोडे तिरके धरायची सवय चार-दोन तुकड्यांत लागते. तीक्ष्ण कोपऱ्यात पुढे सारणे थांबवून, पाते चालू ठेवूनच लाकूड जागच्या जागी फिरवावे. धुराचा वास येऊ लागला किंवा रेष धरणे जड जाऊ लागले, तर पाते बदलावे. बोथट पात्याशी झगडण्यात बचत नाही. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला एन-९५ मास्क लावूनच बसावे, कारण प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) यांच्या भुशात लाकडाबरोबर रेझिन, म्हणजे चिकटवण्याचे रसायनही असते. ओढणी, लोंबती बाही, बांगड्या आवरून घ्याव्यात.

टेप काढल्यावर चारही नग सुटे होतात. छिद्रांतील कुसळे बारीक कानशीने काढावीत, मग १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवावा. वरचा पापुद्रा पातळ असल्याने सपाट पृष्ठभागावर हात हलकाच ठेवावा. पॉलिशसाठी सुतार वापरतात तो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने दोन-तीन हात द्यावेत. तो लवकर वाळतो आणि प्लायला ऊबदार पिवळसर झाक येते. जाळीत मात्र ब्रशच हवा, आणि कोपऱ्यात साचलेला थेंब लगेच टिपावा. जवसाच्या तेलाचा हात द्यायचा असेल, तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून दोरीवर पसरून वाळवावीत आणि मगच फेकावीत. पणतीमागे ठेवायच्या महिरपीला पुढे चार इंचांचा आडवा पाट जोडावा, म्हणजे ज्योत लाकडापासून दूर राहते. जाळीचा आकाशकंदील केला, तर आतून घोटीव कागद लावून एलईडी दिवाच सोडावा.

पॉलिशचा शेवटचा हात दिल्यानंतर नग किमान दोन दिवस उघड्यावर, धूळ नसलेल्या जागी उभे ठेवावेत, कारण अर्धवट वाळलेल्या पृष्ठभागाला वर्तमानपत्र चिकटते आणि अक्षरे उमटतात. बांधताना जाळीच्या मापाचा जाड पुठ्ठा दोन्ही बाजूंना द्यावा. फराळाच्या डब्यासोबत द्यायचे असेल, तर नग डब्यावर आडवा बांधावा, पिशवीत चकल्यांशेजारी उभा सरकवू नये. तेलाचा डाग कच्च्या कडेतून आत उतरला, की पॉलिश पेपरने निघत नाही.