गॅरेजचा काँक्रीटचा कोबा टिकाऊ कसा करावा

काळ्या मातीच्या पट्ट्यात घर बांधलेल्या पुष्कळांनी हे पाहिले असेल: गॅरेजमध्ये चांगला जाड काँक्रीटचा कोबा केला, आणि एकदोन पावसाळ्यांनंतर तो मधोमध उचलला जाऊन चिरला. दोष सिमेंटला दिला जातो, पण बहुधा तो खालच्या मातीचा असतो. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट तिच्याबरोबर वरखाली होते. म्हणून या कामातले निम्म्याहून अधिक लक्ष काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या तयारीला द्यावे.

पुढील मापे 6 मीटर लांब व 3 मीटर रुंद, म्हणजे एका मोटारीच्या गॅरेजसाठी धरली आहेत.

प्रथम कोब्याची अंतिम पातळी ठरवावी. ती घराच्या जोत्यापेक्षा किमान 75 ते 100 मिलिमीटर खाली असावी, म्हणजे पावसाचे पाणी, सांडलेले तेल आणि जमिनीलगत साचणारी पेट्रोलची वाफ घरात शिरत नाही. पातळीच्या खुणा पाण्याच्या नळीने भिंतींवर घ्याव्यात आणि फाटकाकडे दर मीटरला 1 सेंटिमीटर उतार धरावा, म्हणजे 6 मीटरमध्ये एकूण 6 सेंटिमीटर. हा उतार अगदी खालच्या थरापासून द्यावा, कारण तो फक्त वरच्या थरात काढला तर एका टोकाला काँक्रीट पातळ पडते आणि नेमके तेथेच ते फुटते.

त्या पातळीपासून साधारण अडीच फूट खोदून काळी माती बाहेर काढावी. ती फार खोलवर असेल तर सगळी काढणे शक्य नसते. अशा वेळी गच्चीचे पाइप, बागेचे पाणी आणि मोठी झाडे गॅरेजपासून दूर ठेवावीत, जेणेकरून खाली उरलेल्या मातीचा ओलावा वारंवार बदलणार नाही. खड्ड्यात 300 मिलिमीटर मुरूम दोन थरांत भरावा आणि प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसाने, शक्य असल्यास भाड्याच्या यंत्राने, चोपावा. टाच जोराने दाबूनही ठसा उमटत नसेल तरच पुढे जावे. मुरमावर 230 मिलिमीटर दगडांची सोलिंग उभी रचून तिच्या फटी मुरमाने भराव्यात, त्यावर 1:4:8 प्रमाणाचे (सिमेंट, वाळू, खडी) 100 मिलिमीटर पीसीसी, म्हणजे सळई नसलेले साधे काँक्रीट, घालावे आणि ते घट्ट झाल्यावर जाड प्लास्टिकचा कागद सांध्यांवर एक फूट चढवून अंथरावा. हा कागद खालची ओल वर चढू देत नाही. तो कोणी गाळायला सांगितला तर मान्य करू नये.

भिंती आणि खांबांच्या कडेने 12 मिलिमीटर जाडीची थर्माकोलची पट्टी उभी लावावी, म्हणजे कोबा त्यांना चिकटणार नाही. सळईची जाळी, म्हणजे 8 मिलिमीटरच्या सळया 200 मिलिमीटर अंतराने, घालायची असेल तर ती काँक्रीटच्या वरच्या तिसऱ्या भागात राहिली पाहिजे. पुष्कळदा ती तळाशी पडून राहते आणि तेथे तिचा काही उपयोग होत नाही. जाळीने चिरा थांबत नाहीत, त्या घट्ट मिटलेल्या राहतात.

कोब्याची जाडी 125 मिलिमीटर ठेवल्यास 2.25 घनमीटर काँक्रीट लागते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग 20 मिलिमीटर खडी या प्रमाणाने त्यास सुमारे 18 गोण्या सिमेंट लागेल. दोन जास्त आणाव्यात. 50 किलोच्या गोणीमागे 25 ते 27 लिटर पाणी पुरे असते आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. काँक्रीट सहज पसरावे म्हणून गडी मिक्सरमध्ये पाण्याची बादली वाढवतात, आणि कोब्याचे आयुष्य कमी करणारी याहून मोठी चूक दुसरी नाही. जास्तीचे पाणी उडून गेले की मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि वरचा पापुद्रा काही महिन्यांत पावडरीसारखा सुटू लागतो. त्यामुळे मालकाने त्या दिवशी मिक्सरपाशी उभे राहावे.

काँक्रीट व्हायब्रेटरने दाबून पट्टीने सरळ करावे, मग रंधा फिरवावा. वर आलेले पाणी पूर्ण दिसेनासे होईपर्यंत थांबावे आणि नंतरच अखेरची घोटाई करावी. ओल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची रीत मोडून काढावी, कारण त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. शेवटी मऊ झाडू एकाच दिशेने ओढला तर पावसात पाय घसरत नाही. ओले सिमेंट त्वचा भाजते. रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच काम करावे.

काँक्रीट आकसताना कोठेतरी चिरणारच, ती चीर आपण ठरवलेल्या ठिकाणी पडावी म्हणून दुसऱ्या दिवशी, उन्हाळ्यात त्याच दिवशी रात्री उशिरापर्यंत, मधोमध आडवा काप यंत्राने घ्यावा. कापाची खोली जाडीच्या चौथ्या भागाहून कमी नसावी, म्हणजे येथे 32 मिलिमीटर. यामुळे 3 बाय 3 मीटरचे दोन चौकोन तयार होतात.

त्यानंतर कडेने मातीचे वाफे करून पाणी भरून ठेवावे. भारतीय मानक आयएस 456 साध्या सिमेंटसाठी किमान 7 दिवस आणि पीपीसीसाठी, म्हणजे पोझोलाना (बहुधा राख) मिसळलेल्या सिमेंटसाठी, किमान 10 दिवस ओलावा राखण्यास सांगते. घरगुती कामात बहुधा पीपीसीच येते, त्यामुळे 14 दिवस पाणी ठेवणे अधिक चांगले. दोन दिवसांनी चालता येते, पण मोटार 28 दिवसांनीच आत घ्यावी.

तळघराचे प्रकरण वेगळे आहे. कोकणात पावसाळ्यात भूजल वर येते तेव्हा ते तळाला खालून ढकलते, आणि असा कोबा त्यापुढे टिकत नाही. तेथे स्ट्रक्चरल अभियंत्याकडून आरसीसी तळ, जलरोधक थर आणि पंपाचा खड्डा यांची रचना करून घ्यावी. कोरड्या तळघरातही इपॉक्सीचा रंग लावण्यापूर्वी दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून कोब्यावर रात्रभर ठेवावा. सकाळी त्याखाली दव किंवा काळपट ओल दिसली, तर रंग लांबणीवर टाकावा.