मायक्रोआरएनएच्या आकड्यांचे सामान्यीकरण: आधीची तयारी

मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांच्या कामाचे नियंत्रण करणारे छोटे आरएनए रेणू, आणि सामान्यीकरण म्हणजे नमुन्यांतील तांत्रिक फरक काढून आकडे तुलनेयोग्य करणे. त्याची पद्धत निवडण्याआधी प्रत्येक नमुन्याचा गट, आरएनए काढल्याची तारीख, किट आणि बॅच (एकत्र प्रक्रिया केलेल्या नमुन्यांचा संच) यांची नोंद एका तक्त्यात करावी. सर्व रुग्ण एका बॅचमध्ये आणि सर्व निरोगी व्यक्ती दुसऱ्या बॅचमध्ये गेल्या असतील, तर तो गुंता पुढचे कोणतेही गणित सोडवू शकत नाही. नमुने रक्तद्रवाचे असल्यास लाल पेशी फुटल्या आहेत का हे पाहावे. मिर-४५१ए हा मायक्रोआरएनए लाल पेशींत भरपूर असतो, मिर-२३ए-३पी वर मात्र पेशी फुटण्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दोघांच्या सीटी मूल्यांतील (रेणू ओळखला जाईपर्यंत लागणाऱ्या पीसीआर चक्रांच्या संख्येतील) फरक साधारण ७-८ च्या पुढे गेला की नमुना संशयास्पद समजावा.

यानंतर सर्वाधिक वेळ पद्धतीमागच्या गृहीतकावर घालवावा. सिक्वेन्सिंगसाठी (रेणूंचे क्रम वाचून केलेल्या मोजणीसाठी) २०१० मध्ये आलेली टीएमएम पद्धत आणि डीईसेक या सॉफ्टवेअरची मध्यक-गुणोत्तर पद्धत, दोन्ही बहुसंख्य रेणू बदललेले नाहीत असे धरून चालतात. हजारो जनुकांच्या बाबतीत हे बहुधा निभावते. मायक्रोआरएनएमध्ये मात्र अनेकदा काहीशेच रेणू सापडतात आणि त्यांतले मोजकेच बहुतेक रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) व्यापतात. यकृतात मिर-१२२ वाढला की इतरांचा वाटा, ते प्रत्यक्षात स्थिर असूनही, घटलेला दिसतो. म्हणून केवळ प्रति दशलक्ष रीड्सचे प्रमाण काढून थांबू नये. डायसर (मायक्रोआरएनए घडवणारे एन्झाइम) बंद केलेल्या पेशींत तर जवळपास सगळेच रेणू घटतात आणि सर्व नमुन्यांतील मूल्यांची विभागणी एकसारखी करणारी क्वांटाइल पद्धत ती खरी घट पुसून टाकते. अशा प्रयोगांत सेल-मिर-३९ सारखा कृत्रिम रेणू ठरावीक मात्रेत मिसळावा, पण नमुन्यातील आरएनएज (आरएनए तोडणारी एन्झाइमे) निष्क्रिय करणारे द्रावण घातल्यानंतरच, नाहीतर तो मोजण्याआधीच नष्ट होतो.

क्यूपीसीआरमध्ये (रेणूंच्या प्रती वाढवत त्यांचे प्रमाण मोजण्याच्या तंत्रात) यू६ हा छोटा आरएनए संदर्भ, म्हणजे तुलनेसाठी स्थिर मानलेला रेणू, म्हणून डोळे मिटून स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे: तो सुमारे १०६ न्यूक्लिओटाइडांचा, मायक्रोआरएनए सुमारे २२ चा, आणि रक्तद्रवात यू६ स्थिरही राहत नाही. संदर्भ आपल्याच आकड्यांतून जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या स्थिर रेणू शोधणाऱ्या साधनांनी निवडावेत. शेकडो रेणू मोजले असतील तर सर्वांची सरासरी हा २००९ पासूनचा पर्याय चांगला ठरतो.

सामान्यीकरणाच्या आधीचे आणि नंतरचे पीसीए आलेख (नमुने एकमेकांशी किती मिळतेजुळते आहेत हे दाखवणारे) बॅच व गट यांच्या रंगांत शेजारी मांडावेत, दुसऱ्या एका पद्धतीने बदललेल्या रेणूंची यादी पुन्हा काढून कोणते रेणू टिकतात ते पाहावे, आणि कच्च्या मोजणीची फाइल वेगळी जपावी, कारण डीईसेक२ ला (डीईसेकच्या पुढच्या आवृत्तीला) सामान्यीकृत आकडे नव्हे, मूळ पूर्णांकच द्यावे लागतात.