गिअरची मोटरसायकल शिकताय? पहिले काही दिवस क्लच आणि ब्रेकचे

लर्निंग लायसन्स हातात पडल्याशिवाय क्लास सुरू करू नका. गिअरच्या गाडीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. लायसन्ससाठीच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर अर्ज करता येतो. हे लायसन्स ६ महिने चालते आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. तो महिना सरावासाठी वापरा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावा. शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवू नका.

क्लास ठरवताना आधी विचारा, पहिले दिवस मोकळ्या मैदानात की थेट रस्त्यावर? रस्त्यावर नेत असतील तर दुसरा क्लास बघा. गाडी १०० ते १२५ सीसीची आणि दोन्ही पाय नीट टेकतील अशी असावी. हेल्मेट आयएसआयचे. पट्टा बांधून मागून पुढे ओढून पाहा, ते निघता कामा नये. घोटा झाकणारे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. बुटाची लेस आत खोचा, नाहीतर ती गिअरच्या दांडीत अडकते आणि थांबताना पाय खाली येत नाही. ओढणी असेल तर घट्ट बांधा, मागच्या चाकात जाते.

सुरुवात हाफ क्लचपासून, म्हणजे क्लच अर्धाच सोडून धरण्यापासून. सपाट जागेवर पहिला गिअर टाका, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका आणि क्लच अगदी सावकाश सोडा. इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे सरकू पाहते, तिथेच बोटे थांबवा आणि क्लच परत दाबा. हे १५-२० वेळा करा. नंतर क्लच तेवढाच अर्धा सोडून धरून, पाय जमिनीवर ठेवत दहा-बारा फूट गाडी चालवा. क्लच एकदम सुटला की गाडी झटका देऊन बंद पडते. त्या भीतीने पुढच्या वेळी जास्त रेस दिली जाते आणि गाडी उसळते. काहीही बिघडले की आधी क्लच दाबायचा, ही सवय हाताला लागली पाहिजे.

गिअर टाकायची पद्धत आधीच विचारून घ्या. बहुतेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, पण काही १०० सीसी गाड्यांत सगळे एकाच दिशेला.

'पुढचा ब्रेक मारला की पडतो' हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याने नुकसानच होते. ब्रेक लागताच वजन पुढे येते, म्हणून पुढचे चाक जास्त पकड घेते आणि गाडी मुख्यतः तेच थांबवते. माणूस पडतो तो लिव्हर एकदम आवळल्याने, हँडल वळलेले असताना किंवा खडी-वाळूवर. ताशी २० किमी वेगाने सरळ या, ठरलेल्या खुणेपाशी एका फेरीत फक्त मागचा आणि दुसऱ्या फेरीत दोन्ही ब्रेक लावा, आणि दोन्ही वेळा थांबायला लागलेले अंतर पावलांनी मोजा. (सीबीएसच्या, म्हणजे दोन्ही ब्रेक जोडलेल्या गाडीत मागचा दाबला तरी पुढचा थोडा लागतो, त्यामुळे फरक कमी दिसेल.)

गाडीने इंग्रजी आठचा (8) आकडा काढताना पहिला गिअर, हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय. पुढच्या ब्रेकला हात नाही. नजर पुढच्या चाकावर नको, वळणाच्या पलीकडे ठेवा, गाडी नजरेमागे जाते. पाय न टेकता सलग पाच आकडे जमले की मग रस्ता: पहिल्यांदा सकाळी सहा-सातला, शिकवणाऱ्यासोबत. निघताना साइड स्टँड वर घेतला का ते पाहा, पहिल्याच डाव्या वळणावर तो घासतो.