बाहेरचा रेडिएटर घरी बसवताय? या चुका टाळा

गाडीचा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी, बदलणं हे घरच्या अंगणात होण्यासारखं काम आहे. दोन होज (जाड रबरी नळ्या), चार-पाच बोल्ट, फॅनचं कनेक्शन आणि एक मोकळी दुपार. आमच्या जुन्या आल्टोचा मी असाच बदलला, कंपनीचा न घेता बाहेरचा आणून. चौथ्या दिवशी साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या घाटात तापमानाचा काटा एकाएकी लाल रेघेपर्यंत चढला. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. गळतीचा थेंब नाही, फॅन चालू, रेडिएटर नवाकोरा. आत हवा राहिली होती, आणि ती मी राहू दिली होती.

गाडी गरम झाली की आपण लगेच "बाहेरचा माल असाच" म्हणतो. पण नीट पाहून घेतलेला बाहेरचा रेडिएटर वर्षानुवर्षं चालतो. घोटाळा होतो तो बसवताना.

जुना आणि नवा शेजारी ठेवल्याशिवाय बसवू नका

गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं म्हणजे झालं, असं नाही. एसी आणि बिनएसी गाडीचा रेडिएटर वेगळा असू शकतो. ऑटोमॅटिक गाडीच्या रेडिएटरमध्ये बहुधा गिअर ऑइल थंड करणारी नळी असते, म्हणून त्याच्या टाकीला दोन जास्तीचे पाइप लागतात. मॅन्युअलचा रेडिएटर तिथे चालत नाही.

दोन्ही जमिनीवर पोत्यावर आडवे ठेवा. होजच्या तोंडांची जाडी आणि दिशा, फॅनच्या बोल्टची भोकं, खालचे खुंट, ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच), सगळं मोजून जुळवा. जाळीची जाडीही पाहा. १६ मिलिमीटरच्या जागी २६ ची जाळी आली तर ऐकायला बरं वाटतं, पण तेवढ्याने फॅन मागे सरकतो आणि इंजिनच्या बाजूला घासतो. भोक जुळत नाही म्हणून ड्रिल मारू नका, सरळ बदलून आणा. बिल आणि खोका तोवर जपून ठेवा.

जुना काढताना खालचे रबरी बुश त्यालाच चिकटून भंगारात जातात. ते सोडवून घ्या, कडक झाले असतील तर नवे टाका. बुशाशिवाय रेडिएटर पत्र्यावर बसतो, प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट प्लॅस्टिकच्या टाकीला जातो आणि टाकी जोडावर फुटते.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी, असतो. त्याचे पाइप अजिबात सोडू नका, आत दाबाखालचा गॅस असतो. काम करताना मध्ये पुठ्ठा सरकवून ठेवला की दोन्ही जाळ्या वाचतात. आणि सुरुवातीलाच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असूनही फॅन फिरतो.

घाण इंजिनाला नवा रेडिएटर

जुन्या रेडिएटरमधून गढूळ, तांबूस पाणी निघालं असेल तर तोच गाळ इंजिनात आणि हीटरच्या जाळीतही आहे. तो तसाच ठेवला तर महिन्याभरात नव्याच्या बारीक नळ्यांत जाऊन बसेल. होज सुटे असतानाच बागेच्या पाइपने, हलक्या दाबाने, स्वच्छ पाणी येईपर्यंत इंजिन धुवा. इंजिन पूर्ण गार असलं पाहिजे. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरचं.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची आपल्याकडची जुनी युक्ती आहे. निर्जन रस्त्यावर तिने अनेकांना घरी पोचवलं असेल, पण हळद भोक बुजवते तशी नळ्याही बुजवते. गाडीत कधी हळद किंवा लीक-स्टॉपची (गळती बुजवायची) पूड पडली असेल तर हे धुणं दोनदा करा.

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, साधं पाणी चालेल" हेही नेहमी ऐकू येतं. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात घालायचं द्रव, फक्त गोठू नये म्हणून नसतं. ते ॲल्युमिनियमला गंजू देत नाही आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतं. बोअरच्या पाण्यातले क्षार जाळीत थर धरतात. कूलंट रंगावरून निवडू नका, हिरव्या किंवा गुलाबी रंगावरून प्रकार ठरत नाही; गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार पाहा. डबा तयार मिश्रणाचा आहे की पाणी घालायचा, हे वाचा: कूलंट आणि पाणी कुठे १:१ लिहिलेलं असतं, कुठे १:३. उतरवलेलं कूलंट लगेच झाकून ठेवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं. मुलं, कुत्री-मांजरं त्याच्या जवळ जाता कामा नयेत.

क्लॅम्प आणि झाकण

होज तोंडावरच्या उंचवट्याच्या पलीकडे गेला पाहिजे आणि क्लॅम्प (होज आवळणारी पट्टी) त्या उंचवट्यामागे बसला पाहिजे. स्क्रूचा क्लॅम्प रबर जरासं फुगेपर्यंतच आवळा. प्लॅस्टिकच्या तोंडाला त्याहून जास्त जोर दिला तर तडा जातो, आणि तो तडा गाडी तापल्यावरच दिसतो. ड्रेन प्लग तर हातानेच.

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. हा दाब. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. नव्या रेडिएटरसोबत आलेल्या झाकणावरचा आकडा वेगळा असेल तर गाडीचा जुनाच आकडा पाळा. जास्त दाबाचं झाकण म्हणजे जास्त चांगलं नव्हे, ते जुने होज फोडतं.

फॅनचं कनेक्शन जोडलं की पुढून जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा. फॅन चालू झाल्यावर कागद चिकटला पाहिजे. उडाला तर वायर उलट्या आहेत.

आणि हवा

आता माझ्या चुकीकडे. मी रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, पाच मिनिटं इंजिन चालवलं, झाकण लावलं. हीटरचा नॉब थंडवर होता. महाराष्ट्रात हीटर लावतो कोण? पण बऱ्याच जुन्या गाड्यांत नॉब थंडवर असला की हीटरकडे जाणारं पाणी बंद असतं, त्या नळ्यांतली हवा तिथेच अडकते. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो उघडण्याआधीच मी झाकण लावलं होतं.

घाटात मी हीटर पूर्ण गरमवर लावून पाहिला. काटा लाल रेघेवर, आणि आत येत होती गार हवा. हीटरमध्ये पाणी नाही याची ही पक्की खूण. पाऊण तास थांबून, झाकणाला हात सोसेल इतकं गार झाल्यावर जाड फडक्याने ते हळू उघडलं. पाऊण लिटर पाणी आत गेलं. काट्यावरही पूर्ण भरवसा नको: सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा असली तर इंजिन भाजत असताना काटा खालीच राहू शकतो.

म्हणून आता असं करतो. उतरवलेलं पाणी खुणा केलेल्या बादलीत मोजतो. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करतो, हँडब्रेक लावून चाकांमागे दगड. हीटर पूर्ण गरम. झाकण उघडं ठेवून सावकाश भरायचं, मधूनमधून वरचा होज दाबायचा; प्रत्येक दाबाला बुडबुडे येतात. इंजिन गार असतानाच सुरू करायचं. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा होज एकदम तापतो, पातळी झपकन खाली जाते: थर्मोस्टॅट उघडला. लगेच भरायचं. बुडबुडे थांबले की झाकण लावायचं आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबायचं. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवायचा. जितकं निघालं तितकं परत गेलं नसेल तर हवा आत आहे.

"थर्मोस्टॅटच काढून टाका, गाडी गार राहील" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि मूळ दोष तसाच राहतो.

पहिला आठवडा रोज सकाळी, गार गाडीवर, रिझर्व्ह बाटलीवर (जादा कूलंटच्या बाटलीवर) मार्करने केलेली खूण पाहा. पहिल्या दोन दिवसांत थोडी खाली येईल, तेवढं भरा. गार झाल्यावर वरचा होज चपटा दिसला तर झाकणाचा उलटा व्हॉल्व्ह किंवा बाटलीची नळी तपासा. पातळी रोज घटत असेल, बुडबुडे थांबतच नसतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेली असण्याची शक्यता मोठी. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून गॅरेजला न्या.