पोरगं नापास होईल असं वाटतंय? मग या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास सहामाहीचे पेपर घरी आले की आमच्या भांडुपच्या चाळीत पळापळ सुरू होते, नववीच्या पोराला गणितात ११ मार्क आणि आई लगेच क्लास शोधायला बाहेर. मी घरीच सात-आठ पोरं घेऊन बसते म्हणून माझ्याकडेही येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "टीचर, पोर्शन तेवढा पूर्ण करून द्या."

इथेच गडबड होते. पोर्शन नववीचा, पण पोरगं अडकलेलं असतं पाचवीत. गेल्या वर्षी एकाला बीजगणित काही केल्या जमेना, शेवटी १/२ + १/३ लिहून दिलं तर पठ्ठ्याने झटक्यात २/५ लिहिलं, वरचे वर मिळवले, खालचे खाली! मग डब्यातली चपाती काढली, अर्धी त्याच्यापुढे ठेवली, त्यात अजून तुकडा टाकला आणि विचारलं, आता हे अर्ध्यापेक्षा कमी झालं का रे? कारण २/५ म्हणजे अर्ध्याहून कमीच ना. तो बराच वेळ चपातीकडे बघत बसला, मग स्वतःच खोडायला लागला.

म्हणून क्लासची फी भरायच्या आधी बालभारतीचं पाचवीचं पुस्तक काढा, साइटवर पीडीएफ फुकट आहे, १० गणितं द्या. आठ जमली तर सहावीचं, नाही तर चौथीचं, आणि जिथे अडलं तिथून रोज वीस मिनिटं. लाज वाटते पोरांना, पुस्तकाला कव्हर घाला.

दुसरी चूक, नुसत्या लेखी पेपरच्या मागे लागणं. दहावीला गणिताचे ४०-४० चे दोन पेपर आणि २० अंतर्गत, पास व्हायला १०० पैकी ३५. ते २० वर्षभर शाळेतच मिळवायचे असतात, आणि नेमकी हीच पोरं वह्या अर्धवट ठेवतात.

तोंडी सगळं येतं पण लिहिताना अक्षरं उलटसुलट, वाचताना ओळ सुटते, अशा पोराला आळशी म्हणून बडवू नका. अध्ययन अक्षमता असू शकते, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तिचा समावेश आहे. सायन, नायरसारख्या हॉस्पिटलात तपासणी होते, सर्टिफिकेट मिळालं तर बोर्डाला जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण नंबर लागायला वेळ जातो, दहावीच्या जानेवारीत धावून उपयोग नाही, आठवी-नववीतच शाळेकडून पत्र घ्या.

मोबाईल काढून घेणं, शेजारच्याशी तुलना, यावर काय बोलायचं, सगळे करतात आणि कुणाचाच निकाल सुधारत नाही.

आणि समजा राहिलाच एखाद-दुसरा विषय, तर लगेच दुकानात कामाला लावू नका. जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला अॅडमिशन मिळते, कामाला लावणं भागच असेल तर मुंबईत रात्रशाळा आहेत. फक्त निकाल लागला की तोंड लपवत घरी बसू नका, त्याच आठवड्यात शाळेत जाऊन पुरवणीच्या फॉर्मची तारीख विचारून या, मागून गेलं की लेट फी बसते.